एक डोळा पेणला, एक रोह्याला

दादा, तुझ्या शोकसभेत मी भांडण केलं. तुला कळलंच असेल. रोह्यातली कुठलीही बातमी तुझ्यापर्यंत पोचायला कधी उशीर झाला नाही, आताही झाला नसेल.

तुला जाऊन महिना उलटल्यावर तुझ्या मित्रांनी हॉल घेतला. ज्या हॉलमध्ये तू लग्नाची स्टेजं बांधायचास तोच. मागे तुझा हसरा फोटो आणि त्याखाली फ्लेक्सवर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'हरहुन्नरी कलावंत'. अक्षरांना लाल सावली दिलेली. तू असतास तर शोकसभा थांबवून आधी तो फ्लेक्स उतरवला असतास.

एकेक जण उठून बोलला. कोणी तुझ्या रांगोळीबद्दल बोललं, कोणी कीबोर्डबद्दल, कोणी शाळेच्या भिंतीवर तू काढलेल्या जंगलाबद्दल. एकाने सांगितलं की तू मुलांच्या वाढदिवसाला जादूचे प्रयोग करायचास. हे मलाही ठाऊक नव्हतं. सगळे खरंच रडत होते, मी नाही म्हणत नाही. मग अध्यक्ष उठले. म्हणाले, "सुहासदादांच्या भगिनी इथेच, पुलापलीकडे अष्टमी गावात असतात. त्याही कलाकार आहेत, गणपतीचे डोळे काढतात. दादांचा हा सगळा वारसा आता त्या पुढे नेतील. एक कीबोर्ड सोडला तर बाकी सगळे वर्ग त्या चालवतील, अशी मी ग्वाही देतो."

माझी ग्वाही, आणि देणार ते! वर टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी काहीएक चालवणार नाही. मी डोळे काढते, डोळेच काढणार. आणि माझा भाऊ हरहुन्नरी नव्हता. त्याला एकच हुन्नर होता. बाकीचं तो नुसतं करायचा."

वहिनीने माझा पदर ओढला. "बस गो खाली, माणसं बघतात." मी बसले, कारण वहिनीने पदर सोडलाच नाही. पण माझं बोलून झालं नव्हतं. उरलेलं तुलाच सांगायचं होतं, तर आता ऐक. मधेच फोन आला म्हणून उठता येणार नाही तुला.

पेणच्या बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की धुराडं आठवतं. आपल्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा. आबांच्या कारखान्यात ज्याचं काम त्याने करायचं. मधूकाका मातीचं अंग उभं करायचे, दुसरे कोणी रंग द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आबांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनी तो बारीक ब्रश माझ्या हातात दिला. मी शाळेत होते. तुझ्यासमोर शाडूचा गोळा ठेवला आणि म्हणाले, "याचे हात, हिचे डोळे." आबांनी आपल्यात वाटणी केली ती एवढीच. घराची, जागेची काही केली नाही, आणि त्यावरून आपण कधी भांडलोही नाही. जी केली तिच्यावरून मात्र जन्मभर भांडलो.

डोळ्यांचा आबांचा नियम एकच. एक डोळा काढून उठायचं नाही. पाणी प्यायला नाही, दारात कोण आलं बघायला नाही. उठलं की आपली बैठक मोडते, मान जराशी दुसरीकडे जाते, आणि दुसरा डोळा दुसऱ्याच माणसाचा होतो. पाटावर समोर बसणाऱ्याला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडेच बघतोय. एवढ्यासाठी एका बसणीत दोन्ही डोळे.

हातांना असा नियम नव्हता. हातांना तू होतास. साच्यातला आशीर्वादाचा हात कसा असतो? थांब, पुढे जाऊ नको, गाडीची कागदपत्रं दाखव. ट्रॅफिकच्या हवालदारासारखा. तू साचा बाजूला ठेवलास आणि बोटं एकेक करून वळायला लागलास. तुझ्या हाताचा अंगठा किंचित आत असायचा, करंगळी थोडी सैल. तो हात थांबवायचा नाही. आई आपल्या कपाळाला ताप आहे का बघायला हात पुढे करायची ना, तो लागायच्या आधीचा तो हात होता. मी तुला एकदा हे सांगितलं तर तू म्हणालास, "चल गो, एवढं काय नाय त्यात." त्यात एवढंच होतं, दादा. बाकी सगळ्यात नव्हतं.

माणसं यायची, मूर्तीचं वजन विचारायची, उंची विचारायची, आणि मग हळूच विचारायची, "हात पोराचाच ना?" आबा पान चघळत मान हलवायचे. ते तुझ्या तोंडावर कधी काही बोलले नाहीत. पण बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की तुझ्या हातांच्या मूर्ती पुढच्या फळीवर सरकवायचे. हे तू बघितलं नसशील, तू तेव्हा बहुतेक बाहेर असायचास.

कारण आबा घरी बसले, कारखान्याचं ओझं तुझ्यावर आलं, आणि तू चौखूर सुटलास. आधी मखरं. मग थर्माकोल बंद झाला तर कागदाची मखरं. मग लग्नाची स्टेजं, मग फ्लेक्सची डिझाइनं, मग रांगोळीत माणसांचे चेहरे, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, मग भिंती, मग ते काचेसारखं दिसणारं रेझिन, ज्याच्या वासाने वहिनीचं डोकं उठायचं. मग अष्टमीला नझीरभाईंच्या रंगाच्या दुकानाच्या माडीवर क्लास. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "चिंध्यांची गोधडी होते गो." तुझं उत्तर नेहमी तयार. त्यातही तू हुशार होतास, आणि तेही एक कामच होतं तुझं, उत्तर देणं.

सीझनला मी रोह्याहून पेणला यायचे आणि क्लास करून तू कधीकधी माझ्याबरोबर त्याच गाडीने पेणला परत यायचास. वाटेत निडी स्टेशनात क्रॉसिंगला गाडी थांबून राहायची. आपली निम्मी भांडणं निडीला झाली. बाहेर भातशेती, आत आपण दोघं, आणि समोरच्या बाकावरच्या बायका कान देऊन. एकदा तर एक मावशी नागोठण्याला उतरताना तुला म्हणाल्या, "बहीण बरोबर बोलते तुमची." तू त्यांना हात जोडलेस आणि माझ्याकडे बघून डोळे वटारलेस.

"हातांनी पोट भरत नाय, बाय," तू म्हणायचास.

"सगळ्यांचं पोट हातावरच असतं," मी म्हणायचे.

"शब्दात पकडू नको. वर्षाचे चार महिने गणपती. उरलेले आठ काय करू? हात बघत बसू?"

"मी काय करते? डोळे बघत बसते?"

"तुझा नवरा कंपनीत हाय."

ते खरं होतं. धाटावच्या एमआयडीसीत त्याची शिफ्ट चालू होती म्हणून माझी चूल पेटत होती. पण दादा, मलाही कमी सल्ले मिळाले नाहीत. डोळे काढतेस तर नवरीचा मेकअप कर. मेंदी काढ. नखांवर नक्षी काढतात हल्ली, ते शिक. सासरच्या एका बाईंनी हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे नुसते डोळेच काढता होय? बाकी काय येत नाय?" मी म्हटलं, नुसते डोळेच. बाकी काही येत नाही, शिकायचंही नाही. त्यांनी माझ्या ओटीत तीळगूळ जरा कमीच टाकला असेल, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. मला एक गोष्ट येत होती आणि ती मला अजून पुरती आली नव्हती. ती सरायच्या आधी दुसरी कशाला घेऊ?

आणि मग ती मूर्ती.

ती कोलाडकडच्या एका आजींची. भाताची शेती, घरात वर्षानुवर्षं आपल्याच कारखान्यातला गणपती. मी तिचा एक डोळा काढून दुसऱ्याला ब्रश टेकवणार, एवढ्यात तू दारात. रोह्याला स्टेजच्या मागच्या पडद्यावर मोर काढायचा राहिलाय, कार्यक्रमाची माणसं यायला लागलीत, चल. मी म्हटलं, एक डोळा राहिलाय. तू म्हणालास, "येऊन काढ की. देव काय पळून जातोय?" मी उठले. टेम्पोत बसून मोर काढायला गेले, मोराचे डोळेच काढले मी, आणि परत येऊन गणपतीचा दुसरा डोळा काढला.

मला कळलं होतं. मधूकाकांनाही कळलं होतं, ते लांबून बघून निघून गेले. पण मूर्ती न्यायला माणसं दारात आलेली.

विसर्जन झाल्यावर आजी स्वतः आल्या. ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाय, येवडी वर्षं देव माझ्याकडं बघायचा. यंदा बघलाच नाय गो. एक डोळा पेणला नि एक रोह्याला."

तू मागे उभा होतास. तूच आधी हसलास. मग आजीही हसल्या. मी हसले नाही. ती चूक माझ्या ब्रशची होती, पण ती तुझी होती असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. तू मेलास म्हणून मत बदलणार नाही.

तेव्हापासून कारखान्यात ती म्हणच झाली. कोणी अर्धं काम टाकून उठलं की मधूकाका म्हणायचे, "झाला का याचा रोह्याचा डोळा?" आणि तुझ्यासाठी तर ती जन्मभराची ठरली. तू पेणला असलास की तुझा एक डोळा रोह्याला, रोह्याला असलास की पेणला. तूही ती सांगून माणसांना हसवायचास. स्वतःवरचा विनोद स्वतःच सांगितला की तो टोचत नाही, ही युक्ती तुला चांगली जमायची.

एकदाच ती टोचली. निडीलाच. मी म्हटलं, "दादा, तू सगळ्यात पटाईत झालास आणि हातात मागे पडलास. गेल्या वर्षीचे हात बघितलेस तुझे? घाईत केलेत. अंगठा सरळ आलाय." तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. मग म्हणालास, "तू एकच धरून बसलीस, कारण बाकीचं मी धरलं. आबांचं औषध, कारखान्याचं भाडं, तुझं लग्न. कोणीतरी चिंध्या गोळा केल्या म्हणून तुला एका धाग्यावर बसता आलं."

गाडी सुटली. पेण येईपर्यंत मी तुझ्याकडे पाठ करून बसले. समोरच्या बायकांनीही माना फिरवल्या.

दादा, ते खरं आहे. शंभर टक्के खरं आहे आणि मी त्याचे आभार कधी मानले नाहीत, कारण तू मानू दिले नसतेस, चेष्टा करून उडवून लावले असतेस. आता मानते. माझ्या प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यात तुझ्या त्या मोरांचे, मखरांचे, फ्लेक्सचे दिवस आहेत. तू ऊन खाल्लंस आणि मी सावलीत बसून ब्रश धरला. हे मी त्या हॉलमध्ये माइकवरून सांगितलं असतं, पण त्यांनी मला ग्वाहीत अडकवलं.

आभार मानले म्हणून हार मानली असं समजू नकोस. आबा गेल्यावर औषध थांबलं. माझं लग्न झालं, तुझी मुलगी नोकरीला लागली. मग तू का नाही थांबलास? गरज संपली तरी धाव संपली नाही तुझी. मी तुला विचारलं होतं, आणि तू एकदाच, अगदी एकदाच, खरं बोललास. मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशी, दारातल्या कट्ट्यावर, हातात गार झालेला चहा. म्हणालास, "बाय, रांगोळी बिघडली तर मी म्हणतो, मी काय रांगोळीवाला नाय. कीबोर्ड चुकला तर म्हणतो, मी काय वादक नाय. पण हात बिघडला तर काय म्हणू?"

मला तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता. मी म्हटलं, "मग बिघडव. बिघडवून परत कर." माझं असंच. पाठीवर हात ठेवायच्या वेळी मी भाषण करते.

पण ते भाषण मी आजही करीन, कारण हीच गोष्ट आहे सगळी. सोळा गोष्टी येणाऱ्याला कोणी नापास करू शकत नाही. एक गोष्ट धरणारा उघडा पडतो. माझा डोळा चुकला की मी चुकले, मला लपायला दुसरी खोली नाही. तू स्वतःसाठी सोळा खोल्या बांधल्यास आणि हातांच्या खोलीला बाहेरून कडी घातलीस. लोकांना ते दिलदारपण वाटलं. त्यांनी त्याला हरहुन्नरी म्हटलं. मी तुझी बहीण आहे, मला ती भीती दिसत होती. आणि एवढं सुंदर काही ज्याच्या हातात आहे त्याने घाबरावं, याचा मला राग यायचा. अजून येतो.

यंदा शिमगा झाला आणि तू कारखान्यात आलास. शर्टाच्या बाह्या वर करून शाडूच्या ढिगासमोर बसलास आणि म्हणालास, "यंदा हात करतो. फक्त हात." मी म्हटलं, "फोन बंद कर आधी." तू केलास. मधूकाकांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, म्हणजे बघू किती दिवस. मीही तुला चिडवलं, रोह्याचा डोळा कुठे ठेवून आलास म्हणून. तू हसलास, पण उठला नाहीस. दुसऱ्या दिवशीही आलास. तिसऱ्या दिवशी तू केलेले तीन हात मोडलेस, कोणी न सांगता मोडलेस, आणि परत गोळा मळायला घेतलास. मी ब्रश धुण्याच्या निमित्ताने मागे जाऊन डोळे पुसले. तुला कळू दिलं नाही, नाहीतर तू त्याचंही गाणं केलं असतंस.

तो जेठ महिना मला पुरेल. तू बोलत नव्हतास. मी बोलत नव्हते. अंगठा परत आत आला होता.

मग कोलाडच्या हॉलवाल्याचा माणूस दारातच आला. शेवटचं स्टेज आहे हो, तुमच्याशिवाय कोण करणार. तू केलेले हात ओल्या फडक्यात गुंडाळलेस, त्यावर प्लास्टिक टाकलंस, मला म्हणालास, "उद्या येऊन लावतो. फडकं सुकू देऊ नको." तू गेलास. छातीत कळ आली ती तिथेच, शिडीवर नाही, खाली खुर्चीवर बसलेला असताना. तिथून तुला घरी आणलं.

चौथ्या दिवशी मी कारखाना उघडायला निघाले तेव्हा वहिनी दारात आली. "नको गो. सुतक हाय. तेरावं होऊ दे तरी. देवाचं काम हाय."

मी म्हटलं, "तुला दहा दिवसांचं. मी लेक दिल्या घरची, मला तीन दिवसांचं. माझं फिटलं."

"माणसं काय म्हणतील?"

"म्हणतील की हिला भावाचं काय नाय. म्हणू दे. फडकं सुकेल, वहिनी."

तिने कुलपाची किल्ली कमरेची काढून माझ्या हातात दिली. ती स्वतः उंबऱ्याच्या आत आली नाही, पण मी बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहिली.

फडकं वरून सुकलं होतं, आत ओल होती. मी शिंपडून शिंपडून ते भिजवलं. हात उघडून बघायचे नव्हते मला, पण बघितले. एकाच्या मनगटामागे तुझ्या अंगठ्याचा ठसा होता. तू नेहमी पाण्याचा हात फिरवून तो घालवायचास. उद्या येऊन घालवणार होतास.

मी ते हात मूर्तींना लावले नाहीत. मला ते येत नाही. येत नाही ते मी करत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. मधूकाकांना बोलावलं. त्यांनी अंगं ओली करून ठेवली, हात अंगाला जोडले, आणि तो ठसा आला तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी तो सोडून बाकीचा सांधा लिंपला. वहिनी तेव्हाही पायरीवरच होती.

आता शोकसभेकडे परत येते. माणसं पांगल्यावर नझीरभाई थांबले. दुबईला राहून आलेला माणूस, सावकाश बोलतात. म्हणाले, "ताई, तुम्ही खरं बोललात, पण फार जोरात बोललात." मी म्हटलं, माझा आवाजच तसा आहे. ते हसले. मग विचारलं, "माडीच्या बोर्डाचं काय करू? पोरं येतात, वर बघून विचारतात, क्लास कधी चालू?"

मी त्यांच्याबरोबर पुलाच्या बाजूने दुकानापर्यंत चालत गेले आणि पहिल्यांदाच उभं राहून तो बोर्ड नीट वाचला. चित्रकला, रांगोळी, मेंदी, कीबोर्ड, हस्ताक्षर, कागदकाम, रेझिन, नृत्य. नृत्य, दादा? तू? असो. खालपर्यंत वाचला. मग परत वरून वाचला.

त्या बोर्डावर हात नाहीत.

रोह्यातल्या पोरांना तू जगातलं सगळं शिकवायला बसलास आणि तुला जे येत होतं ते लिहिलंच नाहीस. मला रस्त्यातच रडू आलं. नझीरभाईंनी आतून खुर्ची आणून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि दुकानात गेले म्हणजे मला एकटीला रडता येईल. फार चांगला माणूस आहे. मी उठून त्यांना सांगितलं, "बोर्ड उतरवा. ज्यांना डोळे शिकायचेत त्यांना पेणला पाठवा. एका वेळी एकच पोरगं, आणि ते मधे उठणारं नको."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ज्याचं त्याला येतं. त्याने त्याच्याकडून शिकावं."

अध्यक्षांचा मला फोन आला होता. फेरविचार करा म्हणाले, तुमच्यासारख्या कलाकाराने स्वतःला एवढ्यात कोंडून घेऊ नये म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ही कोंडी नाही, ही माझी जागा आहे. त्यांना ते फारसं पटलं नसावं. तुलाही पटलं नसतं. तू म्हणाला असतास, "बघ, भाषण केलंसच."

तर आता शेवटचं सांगते आणि मग तुला सोडते.

तुझ्या हातांच्या मूर्ती सुकल्या. पावसाळी हवेत वेळ लागला, बल्ब लावून ठेवावे लागले. रंग झाले. आखणीला माझ्याकडे आल्या. सगळ्यांचे डोळे नेहमीसारखे काढले, पाटावर बसणाऱ्याकडे बघणारे. एक राहिली. ज्या हातावर तुझा अंगठा आहे, ती. ती विकायची नाही, ती आपल्या घरची. वर्ष झालं नाही म्हणून यंदा साधाच बसवायचा आहे, आरास नाही, मखर नाही. तुझ्याशिवाय मखर करणार तरी कोण, आणि बरंच झालं.

मी सकाळी बसले. एका बसणीत दोन्ही डोळे. मधे वहिनी चहा घेऊन आली, मी मान वर केली नाही, ती कप ठेवून गेली. उठले तेव्हा कप गार झाला होता आणि मधूकाका मागे उभे होते. ते पुढे आले, मूर्तीसमोर उकिडवे बसले, मग डावीकडे सरकले, मग उजवीकडे.

"गो बाय," ते म्हणाले, "देव बघतच नाय माझ्याकडं. खाली बघतोय."

"खाली नाही. नीट बघा."

ते मूर्तीच्या नजरेच्या ओळीने गेले, डोळ्यांपासून, सोंडेच्या बाजूने, वर उचललेल्या त्या हातापर्यंत, आणि तिथे थांबले. मग म्हणाले, "दोन्ही हायत. दोन्ही डोळे एकाच जागी हायत."

आबांचा नियम मी मोडला, दादा. देवाने समोरच्याकडे बघायचं असतं. यंदा आपल्या घरी जो दर्शनाला येईल तो कुरकुर करणार, मला ठाऊक आहे. शोकसभेतले सगळे येतील, अध्यक्ष येतील, तुला जादूगार म्हणणाराही येईल. पाटावर बसतील, हात जोडतील, आणि म्हणतील, ताई, देव आमच्याकडे बघत नाही. मी त्यांना सांगणार आहे, तुम्ही त्याच्याकडे कशाला बघता? तो बघतोय तिकडे बघा.